होडीची बाल्कनी

काम सहा इंचांचं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे काही झालं त्यावरून कोणाला ते खरं वाटणार नाही.

माझा मोठा भाऊ हिरामण, म्हणजे आमचा दादा, अंबरनाथच्या एका शेडमध्ये एकतीस वर्षं फायबरचं साचाकाम करत होता. पाण्याच्या टाक्या, बागेतली बाकं, हॉटेलाच्या दाराशी उभे राहणारे हसरे आचारी, असलं सगळं त्याच्या हातून गेलं. एका वर्षी कुठल्याशा क्लबासाठी शिडाच्या छोट्या होड्यांची ऑर्डर आली. त्यातल्या एकीच्या रंगात फुगा आला म्हणून क्लबाने ती परत पाठवली. ती शेडमागच्या गवतात वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेड बंद झाली तेव्हा मालक म्हणाला, ‘हिरामण, तुझी तू घेऊन जा.’ इतक्या होड्या करून दादा पाण्यावर एकीतही बसला नव्हता. आचारीही त्याने शेकड्याने केले, पण त्या हॉटेलांत तो कधी जेवला नाही.

होडी सोळा फूट लांब. पुढे वाकून शिरायची एवढीशी खोली, तिच्यात दोन बाजूंना दोन बाक आणि मधोमध एक उभी अरुंद पेटी. त्या पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे होडी कलंडत नाही. खोलीच्या मागे उघडी चौकोनी जागा. तिथे बसून सुकाणूचा दांडा हातात धरायचा.

दादाच्या फुप्फुसांना जे झालं होतं त्याला डॉक्टरांकडे लांबलचक नाव होतं. फायबर म्हणजे काचेचेच धागे, म्हणून दादा म्हणायचा, “काच भरलीय.” मे महिन्यापासून त्याला नळी लागली आणि नळीमागे ऑक्सिजनचा सिलिंडर आला. डॉक्टरांनी शीलावहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की दिवाळीच्या पुढचं काही ठरवू नका. तिने ते मला सांगितलं. दादाला कोणीच सांगितलं नाही, पण त्याच आठवड्यात त्याने मला बोलावून घेतलं.

“कैलास,” तो म्हणाला, “डावीकडचा बाक मागच्या टोकाला सहा इंच काप. तिथं सिलिंडर उभा ऱ्हातो.” मग थांबून श्वास घेतला. “नळी मागं येते. मी मागं बसन. एकदा पाण्यावर हाकली, का झालं.”

अंबरनाथला बुवापाड्यात दादाच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून होडी बदलापूरला आमच्या कात्रपच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये आणली. वाचक आता मनात म्हणत असतील, की बदलापूर म्हणजे पूर येणार आणि होडी आपोआप तरंगणार. तसं होत नाही. पूर येतो तो पश्चिमेला, हेंद्रेपाड्याकडे. आमच्या कात्रपला फक्त नळाचं पाणी येतं, तेही एक दिवसाआड.

होडी उतरली त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरी संध्याताई खाली आल्या.

“हे टू-व्हीलरमध्ये येतं का फोर-व्हीलरमध्ये?”

“याला चाकंच नाहीत.”

“मग हे वाहन नाही. वाहन नाही म्हणजे बांधकाम.”

सकाळी होडीच्या नाकावर नोटीस चिकटवलेली होती. विनापरवाना बांधकाम, पंधरा दिवसांत खुलासा. मी शाळेत सव्वीस वर्षं हेडक्लार्क होतो. मी सात परिच्छेदांचा खुलासा दिला, त्यांनी नऊ परिच्छेदांत तो फेटाळला. त्यांच्या उत्तरातली एक वाक्यरचना मला इतकी आवडली की मी ती वहीत उतरून घेतली. शेवटी होडी ही ‘तात्पुरत्या स्वरूपाचे घरगुती सामान’ ठरली आणि त्यानंतर संध्याताई रोज येऊन आत डोकावू लागल्या.

इथे कोणीही विचारील, की सहा इंच बाक स्वतः का नाही कापला? आमच्या इमारतीत कोणी स्वतः काही करत नाही. बल्ब बदलायलाही माणूस येतो आणि आपण खाली उभं राहून त्याला कसा बदलायचा ते सांगतो. मग मी उल्हासनगरहून राजूशेठला बोलावलं. आमच्या इमारतीतल्या बत्तीसच्या बत्तीस फ्लॅटांचं फर्निचर त्याने केलेलं आहे. माणूस अत्यंत सज्जन, हात सफाईचा, आणि कुठल्याही जागेत शिरला की त्याला सगळीकडे न वापरलेली जागा दिसते.

“साईं, सहा इंच?” राजूशेठ दुखावल्यासारखा झाला. “सहा इंचासाठी आपन मशीन नाय लावत. पुरा बाक काढतो, बॉक्सबेड देतो. दादा आराम से लेटेंगे, खाली सिलिंडर. एक नाय, चार ठेवा.”

चार सिलिंडर हे ऐकायला फार बरं वाटलं. सिलिंडर संपला तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात रोज फिरत होता. मी हो म्हणालो. बाक निघाले. त्यांची रवानगी गच्चीवर झाली.

मग सल्ले सुरू झाले. माझी बायको रोहिणी म्हणाली, भावोजींना चहा लागतो, एक छोटा ओटा हवा. संध्याताई म्हणाल्या, ओटा झाला की धूर आला, एक्झॉस्ट फॅन पाहिजेच. तळमजल्यावरचे मधूकाका, जे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले असून कुठल्याही गोष्टीत पाण्याच्या बाजूने बोलतात, म्हणाले, ही मधली पेटी काय आहे? चालताना पाय अडखळेल. आजारी माणूस पडला म्हणजे? हाही मुद्दा बिनतोड होता. राजूशेठने पेटी गुडघ्याखाली कापली, वर सनमायका ठोकला आणि तिचा टीपॉय केला. त्यावर रोहिणीने विणलेला रुमाल घातला. खरं सांगतो, तो रुमाल बघून मला गहिवरून आलं.

दादा रोज संध्याकाळी फोन करायचा.

“झाले का सहा इंच?”

“होतायत, दादा. जरा नीट करून घेतोय.”

“बरं,” एवढंच म्हणायचा. बोलायला श्वास लागतो, म्हणून त्याने शब्द कमी केले होते. मला वाटायचं, तो खूश आहे.

एके दिवशी राजूशेठ होडीच्या मागच्या उघड्या जागेत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ती नजर मी ओळखतो. बत्तीस वेळा ती आमच्या इमारतीवरून फिरली आहे आणि बत्तीस बाल्कन्या नाहीशा झाल्या आहेत. आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस आधी बाल्कनी आत घेतो आणि मग देवाचा फोटो लावतो.

“ये बाल्कनी फुकट जाते, साईं. आत घेऊन टाकू.”

त्या क्षणी कोणी तरी हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही. संध्याताई म्हणाल्या, नाहीतरी दादांना ऊन सोसणार नाही. मधूकाका म्हणाले, पाण्यावरचा वारा छातीला वाईट. रोहिणी म्हणाली, धूळही नको. आम्ही चौघं त्या होडीभोवती उभे होतो आणि चौघांच्याही मनात दादाविषयी माया होती, हे मी शपथेवर सांगेन. मायेनेच आम्ही वर छत घातलं, बाजूंना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आणि त्यांना मच्छरजाळी लावली. सुकाणूचा दांडा चांगला सागवानी होता. तो आत टॉवेल वाळत घालायला आडवा लावला.

शेवटी पाणी गळतं का ते बघायचं राहिलं. मधूकाका म्हणाले, पद्धत एकच. गच्चीवर स्लॅब टाकल्यावर काय करतो आपण? पाणी भरून ठेवतो. मग त्यांच्या देखरेखीखाली सोसायटीच्या टाकीला पाइप लावून आम्ही होडी आतून काठोकाठ भरली. पेटीखालची फट आणि मागच्या भागातली पाणी वाहून जायची दोन भोकं राजूशेठने आधीच लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती. अख्खा दिवस गेला, पण बाहेर एक थेंब आला नाही.

“आतलं बाहेर येत नाही,” मधूकाका विजयाने म्हणाले, “म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाकी रिकामी झाल्यामुळे इमारतीला दोन दिवस पाणी नव्हतं, बॉक्सबेडचं प्लायवूड फुगून वर आलं आणि संध्याताईंनी अकरा परिच्छेदांची नोटीस काढली. पण होडी पास झाली होती.

याच काळात मी परवानगीच्या मागे होतो. वांगणीच्या पुढे डोंगराखाली एक तलाव आहे, दादाच्या मनात तोच होता. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात कीर्ती मॅडम नावाच्या बाई बसत. त्यांनी फॉर्म पुढे केला. ‘प्रयोजन’ या रकान्यात तीनच पर्याय होते. मासेमारी, विसर्जन, शासकीय पाहणी.

“मला नुसती होडी चालवायची आहे,” मी म्हणालो. “भावाला एकदा बसवायचं आहे.”

“नुसती असं काही नाहीये, सर.”

“आजारी आहे तो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला. बाई मनाने चांगल्या होत्या. “मासेमारीला मच्छीमार सोसायटीचा दाखला लागतो. पाहणीला तुम्ही शासन पाहिजे. विसर्जनात बसवा ना. दीड दिवसाच्या दिवशीचं देते. मूर्तीची उंची टाका, माणसं टाका, झालं.”

आमच्याकडे गणपती येत नाही. रोहिणीला काळजी पडली, की एकदा आणला की दरवर्षी आणावा लागतो. मी दादाला फोनवर विचारलं.

“आण,” तो म्हणाला. “दरवर्षी तू आण.”

मी फॉर्ममध्ये लिहिलं, मूर्तीची उंची एक फूट. मूर्ती एक, माणसं तीन. बुवापाड्यातल्याच एका कारखान्यात मूर्ती सांगून आलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतका खोटा फॉर्म मी कधी भरला नव्हता आणि इतका आनंदानेही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दादा होडी बघायला आला. रिक्षातून आधी शीलावहिनी उतरली, मग सिलिंडर, मग दादा. तो इतका वाळला होता की मला क्षणभर ओळखायला वेळ लागला. इमारतीतली पंधरा-वीस माणसं खाली जमली होती. मधूकाकांनी नारळ आणला होता.

दादा होडीभोवती एक फेरी मारून आला. मध्ये दोनदा थांबला. सरकती खिडकी त्याने एकदा उघडली आणि बंद केली. आत वाकून ओटा पाहिला, टीपॉय पाहिला, रुमालाला बोट लावलं. मग मागे येऊन उभा राहिला.

“मी बसू कुठं?”

“आत, दादा. गादी घातलीय. आडवंही होता येतं.”

“दांडा?”

मी टॉवेलकडे बोट दाखवलं. त्यावर माझाच टॉवेल वाळत होता.

नळीतून येणाऱ्या हवेचा बारीक आवाज तेवढा येत होता. मग त्याने राजूशेठच्या खांद्यावर हात ठेवला. “फिनिशिंग चांगलं केलंस,” तो म्हणाला. कारागिराने कारागिराशी बोलावं तसंच ते होतं, त्यात टोमणा नव्हता. राजूशेठ खाली बघू लागला.

रिक्षात बसताना दादाने मला जवळ बोलावलं. “एकतीस वर्षं आत होतो रे, कैलास,” तो म्हणाला. “पत्र्याच्या आत. एकदा बाहेर बसायचं होतं.”

नारळ मधूकाकांच्या हातात तसाच राहिला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. शाळेत एकदा माझ्या हातून बारा मुलांच्या जन्मतारखा चुकल्या होत्या, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजूशेठकडून ग्राइंडर मागून आणला. तो म्हणाला, साईं, मी येतो. मी म्हणालो, नको. साठी उलटलेला, आयुष्यात खिळा न ठोकलेला मी पार्किंगमध्ये उकिडवा बसलो आणि कापायला लागलो. संध्याताईंनी आवाजाबद्दल नोटीस काढली नाही. कानाला फोन लावून पलीकडून दादा सांगत होता.

“तोंड बांध आधी.”

“रुमाल बांधलाय.”

“रुमालानं काय होत न्हाई. मास्क आण. चांगला आण. तोवर मशीन लावू नको.”

मी दुकानात जाऊन मास्क आणला. शेडमध्ये या लोकांना मास्क कधी मिळाला होता का, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. पण रोज मशीन सुरू करण्याआधी तो तेवढं एकच वाक्य तीन-तीनदा म्हणायचा आणि त्यात त्याचा निम्मा श्वास जायचा.

खिडक्या काढल्या. छत कापलं. बुजवलेली भोकं मोकळी केली, कारण दादाने सांगितलं, की लाट आत आली तर पाणी तिथून जातं, त्यांना बुजवायचं नसतं. टीपॉय फोडून, खालची फट मोकळी करून पेटी पुन्हा वर चढवायची होती. काचेचं कापड कसं कापायचं, त्यावर रसायन कसं फासायचं, फुगा दिसला तर ब्रशने कसा दाबून बाहेर काढायचा, हे सगळं तो तुटक तुटक सांगायचा. माझे हात खाजून लाल झाले. फुगे राहिलेच. दादा म्हणाला, राहू दे, क्लबाला थोडीच द्यायचीय. तो हसलासा वाटला, पण खोकलाही असेल.

गच्चीवरचे दोन्ही बाक खाली आणून बसवले. दांड्यावरचा टॉवेल काढून दांडा मागे सुकाणूला लावला. आणि सगळ्यात शेवटी डावीकडच्या बाकाचं मागचं टोक सहा इंच कापलं. वीस मिनिटं लागली.

मी फोन केला. “दादा, सहा इंच झाले.”

“मोजलेस?”

“मोजले.”

“बरं,” तो म्हणाला.

तेच आमचं शेवटचं बोलणं. चतुर्थीला सात दिवस राहिले असताना, सकाळी चहाचा कप हातात असताना दादा गेला. शीलावहिनी म्हणाली, कप सांडला नाही, तिने काढून घेईपर्यंत त्याने तो सरळ धरला होता.

सुतकात गणपती आणता येत नाही. मी कारखान्यात जाऊन सांगितलं, तेव्हा मूर्तिकाराने मूर्तीवरची आमच्या नावाची चिठ्ठी काढली आणि मूर्ती दुसऱ्या कोणाला दिली. सिलिंडर ज्याचा होता तो घेऊन गेला. परवानगीचा कागद मात्र कोणी परत मागितला नाही. मी तो काढून पुन्हा पुन्हा वाचला. हेडक्लार्कला दुसरं काय येतं? त्यावर गणपती हा शब्दच नव्हता. प्रयोजन विसर्जन, संख्या एक, तारीख दीड दिवसाची, वेळ दुपारी चार.

अस्थी उल्हास नदीत सोडल्या. पण थोड्या शीलावहिनीने एका लहान मडक्यात बाजूला ठेवल्या होत्या. मी तिला कागद दाखवला. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, “चला.”

नवव्या दिवशी आम्ही होडी टेम्पोत चढवली. इमारतीतली सगळी माणसं हात लावायला आली, राजूशेठ उल्हासनगरहून आला. तलावावर एक-दोन घरगुती गणपती आले होते. राखणीला वाळू नावाचा वाडीवरचा माणूस होता, काखेत रजिस्टर घेऊन. त्याने होडी पाण्यात ढकलायला मदत केली. होडी तरंगली. मी फासलेल्या जागेतून थोडं पाणी झिरपत होतं, पण ती तरंगली.

वाळूने कागद बघितला. “गणपती कुठंय?”

मी मडकं दाखवलं. त्याने ते पाहिलं, शीलावहिनीकडे पाहिलं, मग डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. परत पाठवील असं वाटलं. मी कागदाच्या घड्या करू लागलो.

वाळूने रजिस्टर उघडलं. “कोण व्हता?”

“मोठा भाऊ. ही होडी त्यानंच केलेली.”

“माणसं किती जानार?”

“दोघं,” मी म्हणालो.

“मूर्ती?”

“एक.”

त्याने लिहिलं. पुढच्या रकान्यावर त्याचं पेन थांबलं. तो रकाना भरल्याशिवाय पान पुरं होत नव्हतं आणि तो नियमाचा माणूस होता. त्याने हळू आवाजात विचारलं, “उंची?”

“पाच फूट चार इंच,” मी म्हणालो.

वाळूने माझ्या हातातल्या वीतभर मडक्याकडे पाहिलं. मग त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मी मडकं आत ठेवायला वाकलो. सहा इंचांच्या त्या जागेत ते नीट बसलंही असतं. पण शीलावहिनीने माझा हात धरला.

“आत नको, भावोजी,” ती म्हणाली. “मागं ठेवा. बाहेर.”

मी मडकं मागे, दांड्याजवळ उघड्यावर ठेवलं. वाळूने बांबूने होडी आत लोटली आणि मी दांडा धरला. मला होडी हाकता येत नाही. ती जाईल तिकडे आम्ही गेलो.